कुरणावरची शाळा

(द्वितीय वर्ष, कला)

१९६१ साली बी. ए. ची परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांमध्ये एक विद्यार्थिनी ५१ वर्षांची होती. तिच्या शिक्षकीला तेव्हा तीस वर्षे उलटून गेली होती, आणि त्यांतली शेवटची सोळा वर्षे तिने समुद्रकाठच्या व डोंगरातल्या गरीब मुलांना शिकवण्यात घालवली होती. बी. ए. करून पुढे काय करणार, असे आपल्याला घरी, एस. टी. त, लग्नाच्या मांडवात कोणीही विचारते. या बाईंना तसे विचारायची कोणाची छाती झाली नसावी. त्यांनी काम आधी केले आणि पदवी मागाहून घेतली.

अनुताई वाघ हे त्यांचे नाव. समाजशास्त्राच्या तासाला सरांनी अंगणवाडी हा शब्द कुठून आला असे विचारले, तेव्हा वर्गात कोणालाच सांगता आले नाही. माझे गाव पेठ तालुक्यात आहे. आमच्या पाड्यावर अंगणवाडी आहे, आणि तिथली खिचडी खाऊनच आम्ही सारी भावंडे मोठी झालो. तेव्हा उत्तर शोधायला मीच ग्रंथालयात गेले. शब्दापाठोपाठ आधी ताराबाई मोडक भेटल्या आणि ताराबाईंच्या पाठोपाठ अनुताई. दोघींत ताराबाई मोठ्या, हे कोणीही मान्य करील. मला मात्र अनुताई जवळच्या वाटल्या, त्याचे कारण पुढे येईलच.

अनुताईंचा जन्म १७ मार्च १९१० रोजी पुणे जिल्ह्यातील मोरगाव येथे झाला. अष्टविनायकांतले मोरगाव ते हेच. वयाच्या तेराव्या वर्षी त्यांचे लग्न झाले आणि काही महिन्यांतच पती वारले. तेरा वर्षांच्या विधवा मुलीचे पुढचे आयुष्य त्या काळी बहुधा स्वयंपाकघर आणि देवघर यांच्यामध्येच सरत असे. अनुताई पुन्हा शिकू लागल्या. १९२९ साली त्या प्राथमिक शिक्षिकेची परीक्षा उत्तीर्ण झाल्या, आणि त्यांची पहिली नोकरी आपल्या नाशिक जिल्ह्यात, चांदवडच्या बाजूला होती. १९२९ ते १९३३ अशी चार वर्षे त्यांनी तिथल्या ग्रामीण शाळेत शिकवले. आग्रा रस्त्याने मालेगावकडे जाताना चांदवडला रेणुकामातेचा डोंगर लागतो. आता तो दिसला की मला देवीबरोबर एक मास्तरीणबाईही आठवतात. १९२९ साली त्या एकोणीस वर्षांच्या होत्या. आज माझे वय तेवढेच आहे.

चांदवडहून त्या पुण्याला हुजूरपागेच्या शाळेत गेल्या. दिवसा शिकवायचे आणि रात्रीच्या शाळेत शिकायचे, असे करून १९३७ साली त्या मॅट्रिक झाल्या. हुजूरपागा म्हणजे मुलींची जुनी, नावाजलेली शाळा. पगार वेळेवर, वस्ती पुण्याची. निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिल्या असत्या तरी त्यांना कोणी नावे ठेवली नसती.

१९४५ साली कस्तुरबा ट्रस्टच्या एका शिबिरात त्यांची ताराबाई मोडकांशी गाठ पडली. ताराबाई तेव्हा पन्नाशी ओलांडलेल्या होत्या. १८९२ चा जन्म, मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर, भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणाचे काम केलेल्या, १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाच्या स्थापनेत असलेल्या, आणि पुढे मुंबईत दादरला शिशुविहार चालवलेल्या. माँटेसरीबाईंच्या पद्धतीत त्या पारंगत होत्या. पण ही पद्धत शहरातल्या सुखवस्तू मुलांपुरतीच राहते आहे, याची टोचणी त्यांना लागली होती. म्हणून त्यांनी आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डी या समुद्रकाठच्या गावी ग्राम बालशिक्षा केंद्र काढायचे ठरवले होते. त्यांना खेड्यात येऊन राहणारी सोबतीण हवी होती, आणि अनुताई गेल्या.

ज्या वर्षी त्या बोर्डीला पोहोचल्या त्याच वर्षी त्या भागात वारल्यांचा लढा उभा राहिला. जमीनदार आणि जंगल ठेकेदार यांच्या वेठबिगारीविरुद्ध गोदावरीबाई परुळेकर आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारली माणूस उभा राहिला तो १९४५ सालीच. अनुताई चळवळीतल्या नव्हत्या, त्यांचा मार्ग वेगळा होता. पण ज्या पाड्यातला बाप दुसऱ्याच्या शेतात फुकट राबत होता, त्याच पाड्यातले मूल त्यांना शाळेत बसवायचे होते, एवढे लक्षात ठेवल्याशिवाय त्यांच्या कामाची अवघडता कळत नाही.

बोर्डीला बालवाडी निघाली, आणि गरीब वस्तीतली मुले तिथे येईनात. मग ताराबाईंनी बालवाडीच उचलून वस्तीत नेली. कोणाच्या तरी घरापुढचे अंगण झाडायचे, मुलांना आंघोळ घालायची, केस विंचरायचे, आणि तिथेच गाणी, गोष्टी, खेळ सुरू करायचे. अंगणात भरणारी वाडी ती अंगणवाडी. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि हे नाव देशभर गेले. सरांच्या प्रश्नाचे उत्तर एवढेच आहे. मला खरे सांगायचे आहे ते याच्या पुढचे आहे.

१९५६-५७ च्या सुमारास दोघींनी आपले काम बोर्डीहून आत, डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर नेले. गोखले एज्युकेशन सोसायटीची शेतीसंस्था तिथे आधीपासून होती. हीच ती सोसायटी, जिने १९२४ साली नाशिकला हं. प्रा. ठा. कॉलेज काढले. म्हणजे कोसबाड आपल्याला वाटते तेवढे परके नाही. त्र्यंबकवरून मोखाडा, जव्हार करीत खाली उतरले की डहाणूचा मुलूख लागतो. माझे जाणे जव्हारच्या पुढे झालेले नाही, पण घाटाच्या वर काय आणि खाली काय, पाडे सारखेच आहेत. वर आम्ही कोकणा, महादेव कोळी, खाली वारली. नागली, वरई, भात तेच, आणि सकाळ झाली की गुरे सोडायची तीही तशीच.

मुले शाळेत का येत नाहीत, याचे कोसबाडला सापडलेले उत्तर असे : मोठी माणसे शेतावर किंवा ठेकेदाराच्या कामावर जात. सहा-सात वर्षांची मुलगी धाकट्याला कडेवर घेऊन घर राखी. आठ-नऊ वर्षांचा मुलगा गुरे घेऊन रानात जाई. म्हणजे मूल रिकामे नव्हते, ते कामावर होते, आणि त्याच्या दिवसात शाळेच्या घंटेला जागा नव्हती. घरी जाऊन आईबापांना शिक्षणाचे महत्त्व सांगणे हा सर्वांना सुचणारा उपाय. तो आजही आमच्याकडे दरवर्षी जूनमध्ये होतो, शाळाप्रवेशाची फेरी निघते, घोषणा होतात आणि फेरी परत जाते. ताराबाई आणि अनुताईंनी दुसरी वाट धरली. कडेवरच्या धाकट्यासाठी पाळणाघर काढले, आणि पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली, म्हणजे ताई धाकट्याला पाळण्यात ठेवून शेजारच्या वर्गात बसू शकेल. विकासवाडी म्हणतात ती ही. दिवसा कामावर असणाऱ्यांसाठी रात्रीची शाळा होती. आणि गुराख्यांसाठी कुरणशाळा.

कुरणशाळा म्हणजे गुरे जिथे चरतात तिथे भरणारी शाळा. गुरे सोडून गुराखी येत नाही ना, मग शिक्षकाने गुरांमागे जायचे. भिंत नाही, बाक नाही, हजेरीला झाडाची सावली. ताराबाईंनी मुंबईत वापरलेली माँटेसरीची लाकडी साधने महाग होती. त्यांची जागा इथे रानाने घेतली. चिंचोके, खडे, शिंपले, पाने, फुले, माती. मोजायला बिया, लहान-मोठे लावायला पाने, अक्षर गिरवायला धूळ. अनुताईंनी पुढे या प्रयोगावर पुस्तकच लिहिले, त्याचे नावही ‘कुरणशाळा’.

गुरांमागे गेलेल्या माणसाला यातली खुबी चटकन कळेल. गुराख्याचा दिवस सबंध रिकामा नसतो आणि सबंध कामाचाही नसतो. सकाळी गुरे पांगतात, तेव्हा डोळ्यांत तेल घालून बघावे लागते, नाहीतर कोणाच्या तरी नागलीत शिरतात. पण उन्हं डोक्यावर आली की गुरे पाण्यावर येतात, पाणी पिऊन सावलीला बसतात आणि रवंथ करतात. तो तास-दीड तास गुराख्याचा स्वतःचा. त्यात आम्ही गोट्या खेळायचो, करवंदे खायचो, पावरी वाजवणाऱ्याभोवती बसायचो. मुलांच्या दिवसात अशी फट असते हे पुण्यामुंबईकडून आलेल्या दोन बायकांनी हेरावे, याचे मला फार नवल वाटते.

गुराख्याला काय काय येते, हेही इथे सांगितले पाहिजे, कारण त्याशिवाय कुरणशाळा म्हणजे अडाणी पोरांवर केलेला उपकार वाटेल. माझ्या धाकट्या भावाला दहाव्या वर्षी पुढील गोष्टी येत होत्या. मुरुडशेंगीच्या सालीचा दोर वळणे. पहिल्या पावसानंतर शेवळं कुठे उगवतात ते जाणणे, आणि त्यांत काकडाची फळे घातली नाहीत तर घसा खाजतो हेही. पळसाच्या पानांची पत्रावळ टाचणे. मुंग्या अंडी घेऊन चढू लागल्या की ओढा उतरून अलीकडे येणे. चाळीस जनावरांत कोणते नाही हे मोजल्याशिवाय ओळखणे. घंटेच्या आवाजावरून आपली गाय सांगणे. यांतले त्याला कोणी बसवून शिकवले नव्हते. मोठ्या गुराख्यांच्या मागे राहून त्याने ते उचलले होते, आणि आता त्याच्या मागे राहून लहान मुले उचलतात.

हे ज्ञान शाळेत चालते का? मी पाचवीला दुसऱ्या गावी वसतिगृहात गेले. तिथल्या शाळेत जंगलातल्या पाच झाडांची नावे लिहा असा प्रश्न आला. मी लिहिले : मोह, साग, सादडा, हेद, बोंडारा. पहिल्या दोहोंना गुण मिळाले. बाकीच्या तिन्हींखाली लाल रेघ. सादडा म्हणजे पुस्तकातला ऐनच. आमच्याकडे त्याला सादडा म्हणतात, आणि बाईंनी ते झाड पाहिलेले नव्हते. त्या मुलीला कुरणशाळेत तीच पाच नावे विचारली असती, तर शिक्षकाला उठून झाड बघायला जावे लागले असते. माझ्या मते कोसबाडच्या प्रयोगाचे मोल इथे आहे. तिथे मुलाला येत असलेल्या गोष्टीपासून शाळेचा आरंभ होत होता, आणि शिकवणाऱ्यालाही रानात थोडे विद्यार्थी व्हावे लागत होते.

मुलांना निसर्गात नेऊन शिकवावे हा विचार जगात नवा नाही. बेडन-पॉवेल यांनी १९०७ साली इंग्लंडमध्ये ब्राउनसी बेटावर मुलांची छावणी भरवली आणि तिच्यातून बालवीर चळवळ उभी राहिली. तंबू ठोकणे, गाठी मारणे, माग काढणे, विस्तव पेटवणे हे सारे तिच्यात होते. डेन्मार्कमध्ये विसाव्या शतकाच्या मध्यापासून जंगलात भरणाऱ्या बालवाड्या निघाल्या. आपल्या नाशिकमध्येही सुट्टीत शहरातल्या मुलांना अंजनेरीला, ब्रह्मगिरीला, नांदूरमध्यमेश्वरला घेऊन जातात, झाडे-पाखरे दाखवतात. ते चांगलेच आहे. पण या सर्व ठिकाणी मूल घरात असते आणि त्याला रानात न्यावे लागते. कोसबाडला मूल रानातच होते, न्यायची होती ती शाळा. शिबिरातल्या मुलाला गाठ मारता आली की टाळ्या पडतात. माझ्या भावाला तीच गाठ आली तर त्याला गुराखी म्हणतात. हा फरक कोणाच्या मनात यावा म्हणून मुद्दाम लिहिले.

हा लेख लिहिण्यापूर्वी मी सरांशी बोलले तेव्हा त्यांनी एक आक्षेप काढला, आणि तो खोडता येत नाही. गुरांमागे शाळा नेली म्हणजे मुलाने गुरे वळावीत हे मान्यच केले. वर्गात बसणारा पुढे साहेब होईल आणि कुरणावर शिकलेला कुरणावरच राहील, त्याचे काय? २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाला शाळेचा हक्क दिला, त्यात गुरांमागे जाणे बसत नाही. हे खरे आहे, पण अनुताईंच्या पुढे जो मुलगा होता त्याला शाळा किंवा गुरे अशी निवड नव्हती. गुरे किंवा गुरे आणि शाळा, एवढीच होती. आणि कायदा झाल्यावर तरी काय झाले ते मी घरातच पाहिले आहे. मी वसतिगृहात गेले तेव्हा माझी गुरे भावाकडे गेली. हजेरीपटावर त्याचे नाव होते, आणि तो माळावर होता. आमच्या घरात कॉलेजात आलेली मी पहिली. ही पहिली येण्याची किंमत कोणी भरली ते माझ्या प्रगतिपुस्तकात कुठे लिहिलेले नाही.

उलट आता वारे दुसरीकडे वाहते आहे. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा करण्याचा विचार २०२३ साली राज्य शासनाने पुढे आणला. पटावर बारा मुले असलेल्या पाड्याला त्याचा अर्थ काय, हे पाड्यावरच्याला विचारावे. पावसाळ्यात मधला ओढा आला की चार किलोमीटर म्हणजे चार किलोमीटर राहत नाहीत.

एक गोष्ट मात्र मला अनुताईंच्या बाबतीतही खटकते. मुलांना आंघोळ, स्वच्छता, शुद्ध बोलणे यांवर त्या काळच्या बालशिक्षणाचा भर असे. त्यातल्या शुद्ध बोलण्यापायी वारली मुलाची स्वतःची बोली किती मागे पडली असेल, हा विचार मनातून जात नाही. आमच्या घरात कोकणी बोलतात. वसतिगृहात तीन वर्षे काढल्यावर आजीला माझे बोलणे परक्या बाईसारखे वाटू लागले होते. हा दोष एकट्या अनुताईंचा नाही. बाहेरून आलेले मायाळू माणूसही आपली भाषा बरोबर घेऊनच येते.

त्यांच्या पुढल्या आयुष्याविषयी थोडक्यात सांगते. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळाले आणि १९७३ मध्ये त्या वारल्या. त्यानंतर कोसबाडचा सर्व भार अनुताईंवर आला. त्यांनी बालसेविकांना शिकवले, ‘शिक्षणपत्रिका’ चालवली, बालवाडी कशी चालवावी यावर साधी, कामाला येणारी पुस्तके लिहिली. मूकबधिर मुलांसाठी शाळा काढली. सत्तरी ओलांडल्यावर लोक नातवंडांत रमतात, अनुताईंनी त्या वयात रमेश पानसे यांच्याबरोबर ग्राममंगल ही नवी संस्था उभी केली. त्यांना पद्मश्री मिळाली. २७ सप्टेंबर १९९२ रोजी त्या गेल्या. बोर्डीला उतरल्यापासून ४७ वर्षे त्या त्याच मुलुखात राहिल्या. तेरा वर्षांच्या त्या विधवा मुलीला स्वतःचे मूल झाले नाही, पण डहाणूच्या डोंगरात तिला आई म्हणणारी किती असतील याची मोजदाद करणे कठीण आहे.

हे सर्व वाचून झाले आणि दिवाळीची सुट्टी लागली. वाघबारशीला आमच्याकडचे गुराखी वाघदेवाला नारळ फोडतात, खीर शिजवतात. त्या दिवशी माळावर सर्व मुले एकत्र असतात, म्हणून मी तोच दिवस धरला. भाऊ आता मोठा झाला आहे, पण मुलांवर त्याचा वचक आहे, म्हणून त्याला बरोबर घेतले. दुसऱ्या दिवसापासून दुपारी गुरे बसली की सादड्याखाली भेटायचे ठरले. पिशवीत चिंचोके, एक पाटी, दोन खडू. पहिल्या दिवशी तीन मुले आली, दुसऱ्या दिवशी सात. त्यांपैकी एकाला अक्षर एक येत नव्हते, पण वीस चिंचोक्यांतून मूठभर उचलले की मुठीत किती आहेत ते तो न मोजता सांगे, आणि बरोबर सांगे. त्याला उरलेले किती हे लिहायला शिकवायचे, असे मी मनाशी ठरवले. तिसऱ्या दिवशी आठ मुले होती. चौथ्या दिवशी पाड्यावर भाताची कापणी लागली आणि कोणीच आले नाही. भाऊ आणि मी पाटी घरी ठेवून विळे घेतले आणि खाचरात उतरलो.